पटावरील असई : इतिहासाच्या तासासाठी एक प्रत्यक्ष पाठ



आपला सिंदखेडराजा तालुका लढायांना अपरिचित नाही. साखरखेर्डा येथे १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला व दक्षिणेत आसफजाही सत्तेचा पाया घातला. सिंदखेड येथे १७५७ साली मराठे व निजाम यांची गाठ पडली. असे असूनही शाळाभेटीच्या वेळी लढाईविषयी प्रश्न विचारला असता सन आणि विजेत्याचे नाव यांपलीकडे उत्तर मिळत नाही, असा माझा अनुभव आहे. दुसरबीड परिसरातील शाळांत, इंग्रज-मराठे युद्धे शिकून झालेल्या मुलांना मी एकच प्रश्न विचारीत असे, 'असईची लढाई कोणी जिंकली?' उत्तर तत्काळ येई. 'कशी जिंकली?' असे विचारताच वर्ग शांत होई. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, अध्यापक विद्यालयात असताना हा प्रश्न मला कोणी केला असता तर मीही शांतच राहिलो असतो.

या शांततेवर उपाय म्हणून गेल्या वर्षी काही शाळांत एक पाठ करून पाहिला. जुनी लढाई मातीच्या पटावर, लहानलहान मोहऱ्यांनी, मुलांकडून पुन्हा लढवून घ्यावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. त्यात काय साधले, काय फसले आणि तो आपल्या शाळेत कसा घेता येईल, हे या लेखात सांगावयाचे आहे.

ही कल्पना परकी मानण्याचे कारण नाही. हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशी चार अंगे असलेला चतुरंग हा खेळ आपल्याच भूमीत जन्मला. बुद्धिबळ त्याचेच पुढील रूप होय. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्याची प्रथा देशावर घरोघरी आहे आणि आपल्याकडील मुलांनाही ती ठाऊक आहे. फरक इतकाच की दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळा जेथे ठेवला तेथेच भाऊबीजेपर्यंत उभा राहतो. तो हलू लागला, त्याच्या हालचालीस नियम लागले आणि समोर दुसरी बाजू उभी राहिली की पटावरील लढाई झाली. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटाने १८२४ साली असा खेळ नियमबद्ध केला. नकाशावर ठोकळे ठेवावयाचे, फासे टाकून हानी ठरवावयाची आणि एका पंचाने दोन्ही बाजूंच्या आज्ञा तपासावयाच्या, अशी त्याची रीत होती. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ती पुढे अनेक देशांनी घेतली. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ साली शिशाच्या शिपायांनी घरात लढावयाच्या लढाईवर एक पुस्तक लिहिले आणि हा खेळ सामान्य माणसांच्या हाती आला. आपणांस शिशाच्या शिपायांची गरज नाही. चिंचोके पुरतात.

पाठासाठी साखरखेर्डा न घेता असई का घेतली, असे एका शिक्षकबंधूंनी मला विचारले. असईची हकीकत टप्प्याटप्प्याने लिहिलेली आहे. जिंकणाऱ्या सेनापतीची स्वतःची पत्रे व खलिते छापलेले आहेत, दोन्ही बाजूंच्या सैन्याचे आकडे उपलब्ध आहेत, आणि ज्या दोन नद्यांमुळे ती लढाई तशी घडली त्या नद्या आजही तेथेच वाहत आहेत. शिवाय असई आपल्यापासून दूर नाही. ती शेजारच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या पूर्वेस आहे. तिच्याजवळून वाहणारी केळणा नदी जाफराबादपाशी पूर्णेस मिळते आणि तीच पूर्णा, जिला आपण खडकपूर्णा म्हणतो, आपल्या तालुक्यातून पुढे जाते. राहेरीच्या पुलावरून जे पाणी मुले पाहतात त्यात असईचे पाणी मिसळलेले असते. हे वाक्य वर्गात उच्चारताच मुलांचे चेहरे बदलतात, असे मला दिसून आले. पाठाचा आरंभ येथूनच करावा.

प्रथम पट. वर्गाच्या मध्यभागी जमिनीवर दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद जागा आखावी. एक मीटर म्हणजे दोन किलोमीटर, हे प्रमाण धरावे. म्हणजे मुलांची एक वीत सुमारे साडेतीनशे मीटर होते. वाळू आणावी असे मी पूर्वी सांगत असे. हल्ली वाळू मागणे म्हणजे सरपंचांना अडचणीत टाकणे होय, तेव्हा नाल्यातील गाळाची माती चाळून घ्यावी. ती ओलसर ठेवली तर फुटत नाही. दक्षिणेस केळणा आणि उत्तरेस जुई या दोन नद्या बोटाने कोराव्यात. त्या पूर्वेकडे एकमेकींजवळ येत येत मिळतात, म्हणून मधली भूमी निमुळती होत जाते. जुईच्या दक्षिण काठावर असई गाव मांडावे. केळणेच्या दोन्ही काठांवर, समोरासमोर, दोन छोटी गावे मांडावीत. त्यांची नावे पिंपळगाव आणि वरूड. या दोन गावांविषयी या वेळी काहीही बोलू नये.

मोहरे मांडताना एक चिंचोका म्हणजे शंभर माणूस धरावा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेत कवायती पायदळ सुमारे १०,८०० होते. त्याचे १०८ चिंचोके. घोडदळ तीस हजारांहून अधिक. त्यासाठी ज्वारीचे ३०० दाणे मोजून घ्यावेत. तोफा शंभरांच्या आसपास. पाच तोफांस एक याप्रमाणे २० खडे. याखेरीज भोसल्यांचे बेशिस्त पायदळ होते, ते पटावर घेण्याची आवश्यकता नाही. समोर आर्थर वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढलेली कवायती फौज सुमारे साडेचार हजार, म्हणजे ४५ चिंचोके, आणि तोफांचे ४ खडे. त्याच्यासोबत म्हैसूरचे व पेशव्यांचे मिळून सुमारे पाच हजार स्वार होते. ते नदीअलीकडेच राहिले, म्हणून त्यांचे ५० दाणे केळणेच्या दक्षिणेस ठेवून द्यावेत.

मोजणीचे काम लहान वर्गांकडे द्यावे. द्विशिक्षकी शाळेत दुसरी-तिसरीची मुले दशक-एकक मोजत चिंचोके मांडतात आणि मोठी मुले पुढील तयारी करतात, त्यामुळे एकाच वेळी दोन वर्ग कामात राहतात. मांडणी पूर्ण झाली की मुले एकदा इकडे, एकदा तिकडे पाहून हसू लागतात. एवढी ज्वारी असताना एवढेसे चिंचोके कसे जिंकतील, हा प्रश्न कोणी न शिकवता निर्माण होतो. त्याचे उत्तर त्या क्षणी देण्याचा मोह शिक्षकाने आवरावा.

आता वर्गाचे दोन पक्ष करावयाचे. आणि येथे माझ्यापुढे पहिली खरी अडचण उभी राहिली. कंपनीच्या बाजूस बसावयास कोणीच तयार होईना. 'आम्ही इंग्रज होणार नाही', असे एका मुलाने उभे राहून सांगितले. त्याच्या स्वाभिमानाचे मला कौतुकच वाटले, पण पाठ अडला. तेव्हा कंपनीच्या ४५ चिंचोक्यांपैकी जे गोरे होते त्यांना चुन्याचा ठिपका द्यावा, असे मी सुचविले. गोऱ्यांच्या दोन पलटणी, एक रिसाला व काही तोफखाना. ठिपके पंधरा-सोळाच झाले. उरलेले मद्रासकडील एतद्देशीय शिपाई. नदीअलीकडे जे स्वार ठेवले त्यांत खुद्द पेशव्यांचे लोक. मग शिंद्यांच्या बाजूस पाहा, असे सांगितले. कवायती पायदळाचा प्रमुख अँथनी पोलमन हा जर्मनीतील हॅनोव्हरचा, पूर्वी कंपनीच्याच चाकरीत असलेला. त्याच्या हाताखालील शिपाई बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातील. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही त्याच गोटात होत्या व त्यांच्यावर सामानाच्या रक्षणाचे काम होते. मुले बराच वेळ पटाकडे पाहत राहिली. मघाचाच मुलगा म्हणाला, 'मग हे आपलेच कोणाशी लढत होते?' मी उत्तर दिले नाही. तो आपण होऊन कंपनीच्या बाजूस जाऊन बसला. या प्रश्नाचे उत्तर एका तासात देता येत नाही. परंतु तो प्रश्न पुस्तक वाचून त्या मुलास सुचला नसता, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

प्रत्यक्ष लढाई सुमारे तीन तास चालली. वीस मिनिटांची एक फेरी धरावी, म्हणजे नऊ फेऱ्या होतात. एका फेरीत पायदळाने एक वीत, घोडदळाने तीन विती व तोफांनी अर्धी वीत चालावे. प्रत्येक पक्षाने आपली आज्ञा चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यावी व पंचाने त्याप्रमाणेच मोहरे हलवावेत. पंच अर्थात शिक्षक. आज्ञा तोंडी मुळीच घेऊ नये. भाषेच्या तासास स्पष्ट सूचनालेखन शिकवून जे साधत नाही ते या चिठ्ठ्यांनी साधते, कारण मोघम वाक्याची किंमत लगेच मोजावी लागते. प्रत्यक्ष लढाईतही असेच झाले. वेलस्लीने आपल्या उजव्या अंगाच्या तुकड्यांना असई गावापासून दूर राहावयास सांगितले होते. आज्ञा चुकली की समजण्यात घोटाळा झाला, ते काही असो. ती तुकडी सरळ असईच्या तोफांवर चालून गेली, तिच्यामागोमाग ७४ वी पलटण गेली आणि ती पलटण जवळजवळ संपली. मॅक्सवेलच्या रिसाल्याने धावून जाऊन उरलेल्यांना वाचविले नसते तर निकालच वेगळा लागता. पुढे त्याच दिवशी मॅक्सवेल स्वतः मारला गेला.

पण हे नंतरचे. आरंभी कंपनीची फौज केळणेच्या दक्षिणेस, आणि शिंदे-भोसल्यांची दोन नद्यांच्या मध्ये, दक्षिणेकडे तोंड करून. ठाऊक असलेला उतार शिंद्यांच्या तोफांच्या तोंडाशी. शिंद्यांकडील मुले येथे स्वस्थ असतात. नदी हीच तटबंदी आहे असे त्यांना वाटते, आणि त्यांचे ते वाटणे अगदी योग्य आहे. कंपनीकडील मुलांनी दुसरा उतार आहे काय, असे पंचास विचारले तर पंचाने इतकेच सांगावे की वाटाडे नाही म्हणतात. वेलस्लीलाही वाटाड्यांनी हेच सांगितले होते.

दुसरबीड परिसरातील ज्या शाळेत हा पाठ मी प्रथम घेतला तेथे या ठिकाणी वर्ग थांबला. पाच मिनिटे गेली. मी घड्याळाकडे पाहू लागलो. कंपनीच्या बाजूस नदीकाठच्या वस्तीवरून येणारी एक मुलगी होती. एरवी ती वर्गात फारसे बोलत नाही, असे वर्गशिक्षकांनी मला नंतर सांगितले. ती पुढे वाकली, पिंपळगाव आणि वरूड या दोन गावांवर बोट ठेवून म्हणाली, 'सर, ही दोन गावं समोरासमोर आहेत. मग मधून उतार असणारच. नाहीतर या गावची माणसं त्या गावच्या बाजाराला कशी जात असतील?'

वेलस्लीने हेच ताडले होते. वाटाडे नाही म्हणत असताना, दोन गावे इतक्या जवळ समोरासमोर वसली असतील तर त्यांच्यात जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून त्याने सैन्य पूर्वेकडे वळविले. आणि उतार सापडला. त्या उतारावर पहारा नव्हता. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून १८१५ साली ज्याचे नाव जगभर झाले त्या सेनापतीचा हा तर्क आपल्या नदीकाठच्या मुलीला पाच मिनिटांत सुचला. खेड्यातील मुलाकडे जे ज्ञान असते त्याला परीक्षेत जागा नसते, एवढेच. हे मी त्या वर्गात मोठ्याने सांगितले आणि ती मुलगी संकोचली. दुसऱ्या वेळी मी हे सांगण्याची पद्धत बदलली.

मात्र एक सावधगिरी घ्यावी. दोन्ही पक्षांना सर्व पट दिसत असेल तर हा प्रसंग फुकट जातो. माझ्या दुसऱ्या प्रयोगात असेच झाले: उताराची चर्चा शिंद्यांच्या पक्षाने ऐकली व लागलीच तेथे पंचवीस चिंचोके नेऊन ठेवले. कंपनी नदीतच बुडाली. शिंदे जिंकले म्हणून वर्गाने टाळ्या वाजविल्या आणि वर्गशिक्षकही हसून म्हणाले की चला, इतिहास दुरुस्त झाला. मलाही क्षणभर बरे वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु ती दुरुस्ती नव्हे. प्रत्यक्षातील सेनापतीस जे दिसत नव्हते ते दाखवून मिळविलेला तो विजय होता. तेव्हा नदीच्या रेषेवर एक जुने लुगडे किंवा चादर दोरीवर टाकावी, पक्षांना दोन बाजूंस बसवावे आणि समोरचे मोहरे दृष्टीच्या टप्प्यात येतील तेव्हाच पंचाने पडदा त्या भागापुरता वर करावा. पडद्यासह खेळूनही कधी कधी शिंदे जिंकतात. जिंकू द्यावे. मग पाठ्यपुस्तक उघडून, आपण काय वेगळे केले व त्यांना ते का करता आले नाही, हे मुलांकडून लिहून घ्यावे. पटावरचा निकाल पुस्तकाशी जुळावा म्हणून पंचाने चिंचोके इकडचे तिकडे करणे सर्वथा वर्ज्य समजावे. मुलांच्या ते ताबडतोब लक्षात येते आणि मग इतिहासावरचाही विश्वास उडतो.

उतार ओलांडून कंपनीची फौज दोन नद्यांच्या मधल्या निमुळत्या भागात शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आली. आता शिंद्यांकडील मुलांनी दक्षिणेकडे तोंड असलेली संपूर्ण रांग पूर्वेकडे फिरवावयाची असते, आणि तीही एका फेरीत. १०८ चिंचोके व २० खडे फिरवताना रांग तुटते, मोहरे एकमेकांवर चढतात, मुले परस्परांवर ओरडतात. हे त्यांना अवश्य करू द्यावे. कारण पोलमनच्या शिपायांनी हे काम शत्रू समोर असताना सफाईने पार पाडले आणि केळणेपासून असईपर्यंत सुमारे दीड किलोमीटरची, पटावर पाऊण मीटरहून थोडी अधिक लांबीची, नवी रांग उभी केली. वेलस्लीची अशी अपेक्षा नव्हती. आपली फौज केवळ गर्दी होती व इंग्रजांची शिस्तबद्ध होती, हा जो समज पुस्तकांतील एकदोन ओळींमुळे मुलांच्या मनात बसतो तो या एका हालचालीने निघून जातो.

मग ज्वारीच्या ३०० दाण्यांचे काय करावयाचे? शिंद्यांकडील मुले ते पुढे आणू पाहतात आणि दाणे मावतच नाहीत. एका बाजूस केळणा, दुसऱ्या बाजूस जुई, मध्ये आपलेच पायदळ. घोडदळ मागे पश्चिमेस उभे राहते. आपले स्वार भ्याले, असे एक मूल हटकून म्हणते. तेव्हा त्यास पटाजवळ बोलावून दाणे बसवून दाखवावयास सांगावे. भरधाव जाऊन शत्रूची रसद तोडणे, त्यास मोकळ्या मैदानात हैराण करणे, ही ज्या घोडदळाची विद्या, त्यास संगिनी रोखून उभ्या असलेल्या रांगेपुढे, दोन नद्यांच्या चिंचोळ्यात काय करता येणार होते? वेलस्लीने ती जागा निवडली यातच निम्मी लढाई होती, असे माझे मत आहे. काही स्वार ७४ व्या पलटणीवर तुटून पडले होते, हेही सांगावे.

तोफांचा नियम ठरविताना माझी मोठी चूक झाली. फाशांऐवजी मी कवड्या घेतल्या, कारण त्या घरोघरी मिळतात. कवड्या नसतील तर फोडलेले चिंचोके चालतात. टप्प्यात, म्हणजे दोन वितींच्या आत, शत्रू आला की प्रत्येक खड्यामागे एक कवडी टाकावी व उताणी पडली की समोरचा एक चिंचोका उचलावा, असा नियम मी केला. चौथ्या फेरीस कंपनीचे सहासात चिंचोके उरले. मुले खूश झाली, पण एक मुलगा वहीत काहीतरी मांडत बसला होता. तो म्हणाला की वीस कवड्यांत सरासरी दहा उताण्या पडतात, म्हणजे दर फेरीस हजार माणसे. इतकी माणसे त्या दिवशी मेली काय? प्रश्न बिनतोड होता. कंपनीची त्या दिवसाची हानी ठार ४२८, जखमी १,१३८ व बेपत्ता १८, एकूण १,५८४. पटावर सुमारे १६ चिंचोके. मग आम्ही सर्वांनी मिळून नियम बदलला: शिंद्यांच्या सर्व तोफांसाठी दर फेरीस एकदा पाच कवड्या, कंपनीच्या तोफांसाठी दोन, जितक्या उताण्या तितके चिंचोके कमी. दर फेरीस सरासरी दोन-अडीच, आणि पाचसहा फेऱ्यांत बारा ते पंधरा. उरलेली हानी हातघाईच्या नियमाने होते. त्यात भिडलेल्या दोन तुकड्यांपैकी प्रत्येकीने पाच कवड्या टाकाव्यात. जिच्या कमी उताण्या तिने एक चिंचोका गमावून एक वीत मागे जावे. न थांबता चालून येणाऱ्या तुकडीस एक कवडी अधिक द्यावी.

गणिताच्या तासास याचा उपयोग आहे. कवडी उताणी पडण्याचा संभव निम्माच असतो असे गृहीत धरू नये. पाच कवड्या शंभर वेळा टाकून किती वेळा किती उताण्या पडल्या याचा तक्ता करावा. दोन व तीन वारंवार येतात, शून्य व पाच क्वचित, हे मुलांना स्वतःच्या हाताने दिसते. सरासरी शिकविण्यास याहून सोपे साधन माझ्या पाहण्यात नाही.

एक बारकावा मुलांना विशेष पटतो. कंपनीच्या तोफा ओढणारे बैल आणि तोफांवरील माणसे शिंद्यांच्या माऱ्याने इतकी पडली की तोफा पुढे नेता येईनात. तेव्हा त्या मागे सोडून पायदळास संगिनीनिशी तोफांवर चालून जाण्याची आज्ञा झाली. पटावरही तिसऱ्या फेरीनंतर कंपनीचे चार खडे जागीच ठेवावेत. शेतकऱ्याच्या मुलाला बैल पडले म्हणजे काय होते हे समजावून सांगावे लागत नाही. शिंद्यांच्या गोलंदाजांचीही गोष्ट अवश्य सांगावी. रांग त्यांच्यावरून पुढे निघून गेली तेव्हा काही जण मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि मग उठून त्याच तोफा शत्रूच्या पाठीवर डागू लागले. त्या तोफा घेण्यास कंपनीला पुन्हा मागे यावे लागले. सायंकाळी पोलमनचे पायदळ जुई ओलांडून निघून गेले व सुमारे ९८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या. कंपनीची फौज इतकी थकली होती की तिला पाठलाग करता आला नाही.

शेवटी उचललेले चिंचोके दोन थाळ्यांत घालून मुलांकडून मोजून घ्यावेत. याला आरंभी मी महत्त्व देत नसे. परंतु खेळ म्हटला की मुलांना लढाई गोड वाटू लागते, ही एका केंद्रप्रमुखांनी घेतलेली शंका रास्त होती. हा पाठ शाळेत नसावा असेच त्यांचे मत होते. त्यांच्याच आग्रहावरून मोजणी सुरू केली. ४५ पैकी १६. जिंकणाऱ्यांतील तीन माणसांमागे एकाहून अधिक माणूस पडला. हरणाऱ्यांचे सुमारे बाराशे मृत रणात राहिले, असे वेलस्लीने लिहिले. जखमी त्याहून पुष्कळ. एका चिंचोक्यात शंभर माणसे आहेत, हे त्या वेळी पुन्हा सांगावे आणि आपल्या शाळेचा पट किती आहे ते विचारावे. ज्या शाळेत पट अठ्ठ्याऐंशी होता तेथील मुलांनी, म्हणजे आपली शाळा एका चिंचोक्यातही भरत नाही, असा हिशेब केला. त्यानंतर थाळी हलविण्याचा आवाजही कोणी केला नाही. ते केंद्रप्रमुख मागे उभे होते. पाठ असावा की नसावा याविषयी ते पुन्हा बोलले नाहीत. त्यांचे मत बदलले असे मात्र मी समजत नाही.

असईनंतर २९ नोव्हेंबर रोजी आडगाव, १५ डिसेंबर रोजी गाविलगड आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह, असा क्रम फळ्यावर लिहून द्यावा. त्या तहाने भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख गेला व वऱ्हाड निजामाकडे आले. तहाचा संबंध आपल्या जिल्ह्याशी कसा येतो, हे नकाशावर मुलांना शोधू द्यावे. त्यासाठी वेगळा तास लागतो.

पाठास एकूण तीन तास पुरतात: मांडणीस एक, लढाईस एक, मोजणी व लेखनास एक. सलग घेण्याचा अट्टहास नको. पट रात्री झाकून ठेवावा, कारण उंदीर ज्वारीचे घोडदळ खाऊन टाकतात. एका शाळेत सकाळी अवघे चाळीस स्वार उरले होते. चिंचोके पुढे पहिलीच्या वर्गास मोजणीसाठी द्यावेत. ज्या शाळांत हा पाठ घेतला जाईल त्यांनी मुलांच्या आज्ञांच्या चिठ्ठ्या, कवड्यांच्या शंभर फेकांचा तक्ता आणि उतार कोणास, किती वेळाने व कशावरून सुचला याची नोंद पुढील शिक्षण परिषदेस आणावी. पडदा न लावता घेतलेल्या पाठाच्या नोंदीही आणाव्यात, पण तसे वर स्पष्ट लिहावे.